धडधाकट म्हणून बसवलेली बाई

चित्रात दोन वाट्या बुडाला बूड लावून ठेवल्यासारखं काहीतरी होतं. मधे बारीक, वर-खाली फुगीर. सरांनी विचारलं, "मावशी, याला काय म्हणतात?"

मी म्हणाले, "डमरू."

दारात ट्रेनिंगच्या मुली उभ्या होत्या. त्या फिसकन हसल्या. एकीनं तोंडावर वही धरली. सरांनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते.

ते वाळूचं घड्याळ होतं. मला नंतर सांगितलं. वाळूचं घड्याळ मी जन्मात पाहिलेलं नाही. आमच्याकडं वाळू नदीत असते आणि घड्याळ भिंतीवर.

"पुढचं," सर म्हणाले आणि कागदावर काट मारली.

रात्री ड्यूटीवर आले तोवर ते कॅन्टीनला पोचलं होतं. चहावाला पोऱ्या नाही, चांगला मिशीवाला माणूस. तो म्हणाला, "या डमरूमावशी, अर्धा की फुल्ल?" सगळे हसले. मीही हसले. आपल्यावर हसतात तेव्हा आपणही हसायचं, म्हणजे लवकर संपतं. हे मी लहानपणीच शिकले होते.

मी मूळची इथली नाही. हिंगोलीकडची. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला नदीपलीकडं जावं लागायचं आणि घरात दोन भावंडं सांभाळायची होती, त्यामुळं माझी शाळा चौथीतच उरकली. लग्न झालं, नवरा नगरच्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागला, त्याच्या मागं आले. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडात अजून नगरच. इथं ना माहेर जवळ ना सासर. दुखलंखुपलं तर सांगायला कुणी नाही. कंपनीत कामगारकपात झाली तेव्हा नवरा घरी बसला आणि मी शहराबाहेरच्या एका खाजगी हॉस्पिटलात काम मागायला गेले. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. नावाशी माझं भांडण नाही.

काम दिलं ते मोठ्या मॅडमनी. त्या डोक्याच्या टेस्ट घेणाऱ्या मॅडम. गोळ्या देणाऱ्या डॉक्टर वेगळ्या. गाडीवरून पडलेले, लकवा मारलेले, अशा पेशंटचं ध्यान किती राहिलं, आठवण किती राहिली, बुद्धी कशी चालते हे त्या मोजायच्या. त्यांच्याच वॉर्डात मला मावशी म्हणून घेतलं. चादरी बदलणं, पेशंटला उठवणं-बसवणं, बेडपॅन. पुढं माझ्या मुलीला हॉस्टेल मिळवून दिलं तेही त्यांनीच, स्वतः फोन करून. हे मी आधीच सांगून ठेवते. त्या बाईचं माझ्यावर ऋण आहे. ते मी कधी नाकारलं नाही. तेच तर माझ्या गळ्यात अडकलेलं होतं.

म्हणून सर जेव्हा म्हणाले की मावशी, उद्या सकाळी ड्यूटी सुटली की अर्धा-पाऊण तास बसा, तेव्हा मी कशाला म्हणून विचारलं नाही. सरांनी आपणहून सांगितलं. सर मॅडमच्या हाताखाली, पुण्याहून आलेले, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. वाईट माणूस नव्हता. ते म्हणाले, या टेस्ट शिकलेल्या लोकांवरून बसवलेल्या आहेत. त्या मापानं मोजलं तर कमी शिकलेलं माणूस चांगलं असूनही आजारी ठरतं. म्हणून आम्ही तुमच्यासारख्यांचा वेगळा तक्ता करतोय. चौथी-पाचवी शिकलेल्या धडधाकट माणसाला किती येतं ते आधी बघायचं. मग तसलाच पेशंट आला की त्याला या तक्त्याशी ताडून बघायचं. तुमच्या लोकांच्या भल्याचंच आहे.

मला ते पटलं. खरं सांगते, बरंही वाटलं. आपल्यावरून कुणाचं तरी माप होणार.

आता सकाळी कशाला, तर रात्रपाळीच्या मावश्या सकाळी एकत्र सापडतात. बाहेरून अशी माणसं आणायची म्हणजे गाडी पाठवा, समजावा, चहापाणी करा. आम्ही हाताशी होतो. कमी शिकलेल्या होतो. धडधाकट होतो, नसतो तर बेडपॅन कोण उचलणार? सगळ्या अटी आमच्यात बसत होत्या. फक्त आम्ही रात्रभर जागलेल्या असायचो, एवढं कुणी धरलं नाही.

त्या दिवशी सरांनी शब्दांची यादी वाचली. ऐका आणि जेवढे आठवतील तेवढे परत सांगा. खोलीचं दार उघडंच होतं, मुलींना शिकायचं होतं म्हणून. बाहेर एका पेशंटची बेल वाजत होती. माझी ड्यूटी संपली होती, पण बेल वाजली की माझा पाय हलतो. कोण आहे, लघवीला जायचंय का, पडेल का, असं डोक्यात चालू. सर शब्द वाचतायत, कंदील, पायरी, आणि मी बेल ऐकतेय. जे चार-दोन कानावर पडले तेवढे सांगितले.

मग ते म्हणाले, "एका मिनिटात येतील तेवढी प्राण्यांची नावं सांगा."

मी म्हणाले, गाय. म्हैस. शेळी. आणि थांबून सरांकडं पाहिलं.

आमच्याकडं मोठ्या माणसापुढं असंच बोलतात. थोडं सांगायचं आणि थांबायचं. समोरचा 'हं' म्हणाला की पुढं. न विचारता घडाघडा बोलणारी बाई म्हणजे आगाऊ. हे गुरुजींनी शिकवलं, सासूनं शिकवलं, आणि इथं पहिल्याच दिवशी सिस्टरनं बजावलं होतं की राऊंड चालू असताना विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी 'हं'ची वाट बघत बसले. सर 'हं' म्हणाले नाहीत. त्यांना म्हणे मान हलवायचीसुद्धा परवानगी नसते, नाहीतर टेस्ट बिघडते. ते घड्याळाकडं बघत गप्प, मी त्यांच्याकडं बघत गप्प. मला वाटलं, पुरे म्हणत असतील.

मिनिट संपलं. तीन प्राणी.

शेळ्यांत वाढलेली बाई मी. तीन प्राणी.

सुमनबाईंचंही तसंच झालं. सुमनबाई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, इथल्याच, चर्चच्या मागच्या आळीत राहणाऱ्या. लांबच्या गावाहून आलेली म्हणून मला त्यांनीच हाताशी धरलं होतं. पायरीवर चपला घालता घालता म्हणाल्या, "आगं, म्या तर सायबाला म्हनलं, रातभर जागलीय बाबा, मला माझंच नाव इचार. ते बी इसरले आसंल." आणि खो खो हसल्या. मी म्हणाले, आपण नापास झालो का हो? त्या म्हणाल्या, "आपलं काय जातंय? ते त्यांचं मोजमाप. आपली चादर आपल्याला बदलायचीय."

मीही तेच धरून चालले. आपलं काय जातंय.

पुढं उन्हाळ्यात रावसाहेब आला. नेवाशाकडचा, सेंट्रिंगचं काम करणारा. स्लॅबखाली टेकू लावणं, प्लेटा बसवणं. बांधकामाच्या परांचीवरून पडला, डोक्याला मार. ऑपरेशन दुसरीकडं झालं, आमच्याकडं नंतर सुधारणेसाठी आणला. हातपाय धड, बोलणं धड. बघितलं तर कुणी पेशंट म्हणणार नाही. शाळा माझ्याएवढीच, चौथी.

पण त्याचं काहीतरी गेलं होतं. ते कळायला टेस्ट लागत नव्हती, त्याच्याजवळ चार दिवस राहिलं की कळायचं. नळ उघडा टाकून यायचा आणि पाणी कोण सांडतंय म्हणून दुसऱ्यावर ओरडायचा. संडासला जायचा आणि परतताना भलत्याच खाटेवर बसायचा. मला रोज नव्यानं विचारायचा, "ताई, तुमचं गाव कोन्तं?" मी रोज सांगायचे. तो रोज म्हणायचा, "लई लांब आलात की." पहिल्यांदा ऐकल्यासारखं. मला तेवढंच बरं वाटायचं, कारण गावाचं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि भीतीही वाटायची.

त्याची बायको शालन सोबतीला असायची. तिनं सांगितलं, पूर्वी हा माणूस एकदा बघितलेला रस्ता विसरायचा नाही. कुणाकडं कुठली प्लेट राहिली, कुठला टेकू आधी काढायचा, सगळं तोंडपाठ. आता लेक भेटायला आली तर तिला बहिणीच्या नावानं हाक मारतो. लेक रडत परत गेली. शालनची एकच धास्ती होती. मुकादमाचे फोन येत होते, कधी येतोस म्हणून. आणि रावसाहेब म्हणत होता की मी बरा आहे, जातो. हा परत परांचीवर चढला आणि टेकू लावला की नाही तेच विसरला, तर तो तर मरेलच, खालचेही मरतील.

त्याची टेस्ट झाली. मॅडमनी स्वतः घेतली, बंद खोलीत, शांतपणे, सकाळी नाश्ता झाल्यावर. पेशंटची टेस्ट नीटच घेतात. ते मी मान्य करते.

दुसऱ्या दिवशी राऊंडला मॅडम, सर आणि त्या मुली त्याच्या खाटेपाशी आल्या. तेव्हा माझी दिवसपाळी होती, मी उशीची खोळ बदलत होते. मॅडम शालनला म्हणाल्या की रिपोर्ट चांगला आहे, सुट्टी देऊ, कामावर जायला हरकत नाही.

शालन म्हणाली, "मॅडम, ह्ये पयल्यासारखे न्हाईत वो. ह्यांना कायबी ध्यानात ऱ्हात न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "टेस्टमध्ये तसं आलेलं नाही. आकडा कमी दिसतो, पण चौथी शिकलेल्या माणसाचा तेवढाच असतो." मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "या मावशी बघा. धडधाकट आहेत ना? यांनासुद्धा एवढंच आलं. याच्यापेक्षा कमीच."

मुलींनी माझ्याकडं पाहिलं. कुणीतरी हळूच 'डमरू' म्हणालं. त्याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही. मी शालनकडं बघत होते आणि शालन माझ्याकडं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला वाटलं, मला सगळं माहीत असून मी गप्प आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात ते बसलं. एकदम नाही. डोकं फुटलेल्या माणसाला जेवढं येतं, तेवढंच आम्हाला येतं असं यांनी लिहून ठेवलंय. मग आमच्यातल्या कुणाचं डोकं फुटलं तरी या तक्त्यात दिसायचंच नाही. पडला तरी बरा. विसरला तरी बरा. चढ परत परांचीवर. पूर्वी शिकलेल्यांच्या मापानं आम्ही चांगले असून आजारी ठरायचो. आता आमच्या मापानं आजारी असून चांगले ठरणार. आणि ते माप म्हणजे मी. जागलेली, बेलकडं कान लावून बसलेली, 'हं'ची वाट बघणारी मी.

सुमनबाई म्हणाल्या होत्या, आपलं काय जातंय. हे जात होतं.

मी बोलले. राऊंड चालू होता, मला कुणी विचारलं नव्हतं. खोळ हातात तशीच होती.

"मॅडम, मला एवढंच येतं हे खोटं आहे."

मॅडम म्हणाल्या, मावशी, नंतर बोलू. मी म्हणाले, "नंतर त्याला सुट्टी होईल. माझी टेस्ट रात्रपाळी करून आल्यावर घेतली. दार उघडं ठेवून घेतली. या मुली हसत होत्या. त्या आकड्यावर याला बरा म्हणू नका."

सरांचा चेहरा पडला. मॅडमनी माझ्या हातातली खोळ काढून खाटेवर टाकली आणि केबिनमध्ये ये म्हणाल्या.

वॉर्डात त्या मला मावशी म्हणतात, तुम्ही म्हणतात. केबिनचं दार लागलं की तू. "तुला नोकरी कुणी दिली? मुलीचं हॉस्टेल कुणी केलं? चार लोकांत माझी शोभा करतेस? तुला सरासरी म्हणजे काय ते तरी कळतं का?"

मी म्हणाले, नाही कळत. खरंच कळत नव्हतं. त्यांनी सांगितलं, एका माणसाच्या आकड्यानं काही होत नसतं, सगळ्यांचे मिळून तक्ता होतो. मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? चौथी-पाचवीवाले कोण कोण घेतले? सर दाराशी उभे होते, ते खाली बघत म्हणाले, "बऱ्याचशा मावश्याच आहेत, मॅडम. सकाळच्याच."

मॅडमनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते बाहेर गेले.

मी रडले. ते लपवत नाही. रडत रडत म्हणाले, तुमचे उपकार आहेत, ते मी मेले तरी विसरणार नाही. पण ते माझ्यावर आहेत, रावसाहेबावर नाहीत. ते त्यानं का फेडायचे? माझा कागद काढून टाका. नाहीतर माझी झोप झाल्यावर, दार लावून परत घ्या. मग जेवढं येईल तेवढं माझं. कमी आलं तर कमी.

मॅडम म्हणाल्या की हा अभ्यास असा कुणाच्या सांगण्यावरून मागंपुढं होत नाही. वर कळवावं लागतं, कारणं द्यावी लागतात, वर्षाचं काम आहे. आणि मला म्हणाल्या, उद्यापासून लॉण्ड्रीत जा.

सर जिन्यात भेटले. म्हणाले, मावशी, नियमाप्रमाणे एकटं बसवायचं असतं, विश्रांती झालेली असावी लागते. वेळ नव्हता. मी विचारलं, कुणाला? ते दुसरीकडं बघत सॉरी म्हणाले आणि खाली उतरले. मला त्यांचा राग आला नाही, कीव आली. मग कीव केल्याचा राग आला. मला डोळा चुकवून सॉरी म्हणणारे लोक आयुष्यात पुष्कळ भेटलेत. सगळ्यांपुढं म्हणणारा अजून भेटायचाय.

वॉर्डात परत आले तर शालन पिशवी भरत नव्हती, खाटेच्या लोखंडी पट्टीवर बसून होती. सिस्टर डिस्चार्जवर सही मागत होती. शालन म्हणाली, "ह्या बाई म्हन्त्यात ते खोटं हाय का खरं, ते आदी सांगा. तवर मी सही करत न्हाई." सिस्टर म्हणाली, कागदावर तर नॉर्मल लिहिलंय. शालन म्हणाली, "मग कागद चढवा परांचीवर." आणि रावसाहेब मधेच मला म्हणाला, "ताई, तुमचं गाव कोन्तं?"

कुणी हसलं नाही.

त्याची सुट्टी थांबली. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात परत टेस्टला पाठवायचं ठरलं. पुढं काय आलं मला माहीत नाही. लॉण्ड्रीत वॉर्डाच्या फक्त चादरी येतात. शालनचा नंबर माझ्याकडं नाही. कधी कधी शहरात एखादं बांधकाम दिसलं की मी मान वर करून बघते. तो नसू दे असं म्हणते. दिसला नाही तरी जीव भांड्यात पडत नाही, कारण दुसरं कुणीतरी असतंच.

मी अजूनही घाबरते. पगार होईपर्यंत दर महिन्याला वाटतं की या वेळी घरीच बसवतील. मुलीला हॉस्टेलमधून काढतील असं वाटून मी दोनदा वॉर्डनच्या पाया पडून आले. काढलं नाही. मॅडमनी तसं काही केलं नाही, तेही खरंच सांगते. त्या समोर आल्या तर मी बाजूला होऊन वाट देते. हात आपोआप जोडले जातात. ती सवय मोडत नाही, आणि मोडावी असं काही नाही.

सुमनबाई पहिल्यांदा चिडल्या. म्हणाल्या, "लई शानी झाली. आपल्या सगळ्यांच्या पोटावर आणशील." मग एक दिवस चादरींचा गठ्ठा टाकायला आल्या आणि गठ्ठ्यावरच बसल्या. म्हणाल्या, त्यांच्या भावजयीला लकवा मारलाय. गेल्या आठवड्यात इथंच टेस्ट झाली. काही झालेलं नाही म्हणाले, कमी शिकलेल्या बाईचं असंच असतं म्हणाले. भावजय चूल पेटवून विसरते. मग म्हणाल्या, "माझा बी कागद काढाया सांग. म्या बी जागलेलीच हुते."

आम्ही दोघी केबिनच्या दाराशी गेलो. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. परत गेलो. परत मीटिंग. शेवटी मी लॉण्ड्रीतल्या पोरीकडून एका कागदावर लिहून घेतलं की आमचे दोघींचे कागद तक्त्यातून काढा, आणि खाली मी सही केली. सुमनबाईंनीही केली. काय झालं विचाराल, तर अजून काही नाही. कागद पोचलाय एवढं ऑफिसातला माणूस म्हणतो.

मागच्या सोमवारी सर आले. दुसरी टेस्ट आहे, नव्या तक्त्यासाठी, पुन्हा कमी शिकलेली माणसं हवीत. लॉण्ड्रीतल्या बायका सकाळी मोकळ्या असतात असं त्यांना कुणी सांगितलं होतं. इस्त्रीवरच्या दोघी हात पुसत उठल्याही. मी दारात उभी राहिले.

मी सरांना सांगितलं, बसू. पण झोप झालेल्या दिवशी. दार लावून, बघायला कुणी नको. घड्याळ लावणार असाल तर आधी सांगायचं की घड्याळ चालू आहे, न थांबता बोला, आम्ही 'हं' म्हणणार नाही. आणि आमचा आकडा कुणाच्या अंगावर वापरणार ते सांगायचं. हे होत नसेल तर इथली एकही बाई उठणार नाही.

सर म्हणाले, मावशी, मॅडमना विचारावं लागेल.

मी म्हणाले, विचारा. उत्तर येईपर्यंत मी कुणाचं माप नाही. चौथी शिकलेला माणूस एवढाच असतो असं माझ्या नावावर लिहून कुणाला परांचीवर चढवायचं असेल, तर आधी माझ्यासमोर यायचं आणि मला विचारायचं. मी नाही म्हणणार आहे.